सामानाजवळची जागा

दिवाळी संपली की आमच्या कॉलनीत सकाळी सकाळी गाड्यांच्या डिक्या आपटल्याचे आवाज येऊ लागतात. आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात, दारातल्या रांगोळ्यांचे रंग पायापायांनी पोर्चभर पसरलेले असतात आणि शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेले असतात. तेवढ्यात शेजारीपाजारी एकेका दिवसाच्या सहली उरकून घेतात. कोणी औदुंबरला, कोणी वाडीला, कोणी थेट साताऱ्यापलीकडे कासला. मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी असते. गाडीच्या काचेतून कोणीतरी हात हलवतं, "काकू, जाऊन येतो." गाडी कोपऱ्यावर वळते. मग सांगलीची ती कोवळी थंडी आणि मोठ्या रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची घरघर, एवढंच उरतं.

ईरा आणि निहार, तुमच्या ऑकलंडला आता उन्हाळा सुरू होत असेल. तिथल्या शाळांना दिवाळीची सुट्टी नसते हे माझ्या डोक्यात आता पक्कं बसलं आहे. पहिली काही वर्षं बसत नव्हतं. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्हाला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, म्हणून बाबा वाचून दाखवील. वाचताना तो मध्येच थांबला तर थांबू द्या त्याला.

आमच्या सहली याच दिवसांतल्या. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते. आठवडाभर नद्या, कालवे, बंधारे यांच्यात फिरून आलेला माणूस सुट्टीत पुन्हा नदी बघायलाच निघायचा, पण या वेळी उंचावरून. त्यांना डोंगर लागायचा. तुमच्या बाबाला धावायला मोकळं मैदान लागायचं आणि तुमच्या मंजूआत्याला प्राणी लागायचे, कुठलेही चालायचे. मला मात्र सगळं जागच्या जागी लागायचं. आदल्या संध्याकाळी दशम्यांसाठी दूध काढून ठेवायचं, शेंगदाण्याची चटणी रुमालात न बांधता डब्यातच भरायची, कारण रुमालाला तेल लागतं. भातात दूध जास्त आणि दही नावापुरतं कालवायचं, म्हणजे दुपारपर्यंत तो बरोबर लागतो. तळाशी चुरा झालेला चिवडा, मोडके चिरोटे, फराळाचं जे उरलं असेल ते. सतरंजी, छत्री, जास्तीचे कपडे, आयोडीनची बाटली. त्या काळी गाडी नव्हती. हे सगळं आम्ही एसटीने न्यायचो. कंडक्टर म्हणायचा, "बाई, बिऱ्हाड हलवलं का काय?"

आणि मग डोंगराच्या पायथ्याशी उतरलं की प्रश्न यायचा. खरं तर तो प्रश्न नसायचाच. एवढं ओझं वर नेता येत नाही, खाली ठेवावं तर माकडं. आपल्याकडे जिथे म्हणून देऊळ आणि झाडं आहेत, तिथे माकडं आहेतच. आजोबा चपलांचे पट्टे घट्ट करता करता विचारायचे, "तू बसतेस ना सामानाजवळ?" मी म्हणायची, "बसते की. माझे पेपर आहेतच."

पेपर असायचे हे खरं होतं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि सहामाहीचे गठ्ठे दिवाळीच्या सुट्टीतच तपासायचे असत. त्यामुळे माझं बसणं सगळ्यांनाच सोयीचं झालं होतं, मलासुद्धा. एकदा एका माकडाने दशमी समजून आठवीतल्या एका मुलीचा पेपर पळवला आणि फांदीवर बसून शांतपणे फाडला. त्या मुलीला मी तिला नेहमी पडत तेवढे गुण देऊन टाकले. घरी हे किती तरी वर्षं पुरलं. कोणाला कमी मार्क पडले की आजोबा म्हणायचे, "हिचा पेपर माकडाकडे तपासायला गेला होता."

सातारा-सांगली भागातली पाहण्यासारखी ठिकाणं मला अशी माहीत आहेत. सज्जनगड मला पहिल्या काही पायऱ्यांपर्यंत माहीत आहे. तिथल्या बाजूच्या कट्ट्यावर दुपारी ऊन कुठून येतं ते मी सांगू शकेन. ठोसेघरचा धबधबा मला आवाजाने माहीत आहे. कास म्हणजे एक मोठं झुडूप, त्याच्या सावलीत सरकत गेलेली सतरंजी आणि लांबून येणारे मुलांचे आवाज. भाऊबीजेला साताऱ्याला माहेरी गेलं की तिथून या सहली व्हायच्या. माझा भाऊ म्हणायचा, "ताई, तुझं सासर हौशी आहे हं, सगळीकडे फिरवतात तुला." फिरवत होतेच.

आवाज वळणाआड जातात तेव्हा काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. आधी मुलांचं ओरडणं जातं, मग आजोबांचं "जपून रे" जातं. थोडा वेळ नुसतंच रिकामं वाटतं. मग पानांचा आवाज सुरू होतो, जो आधीपासून होताच. मग आपल्याच बांगड्या ऐकू येतात. लाल शाईच्या पेनाने आपण खुणा करत जातो, आणि मध्येच मान वर करून वाटेकडे बघतो. वाटेवर कोणी नसतं. इतका वेळ त्या वाटेकडे मी बघितलेलं आहे, पण पलीकडे ती कुठे जाते ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

परत येताना आधी मंजू यायची. तिला आठ हरणं दिसली असली की ती वीस सांगायची. तुमचा बाबा कुठून कुठे उडी मारली तेवढंच सांगायचा. आजोबा सगळ्यात शेवटी, घाम पुसत. मी विचारायची, "कसं होतं वर?" ते सतरंजीवर बसत म्हणायचे, "फार काही नाही गं. तू आली नाहीस ते बरं झालं, उगाच पाय दुखले असते." दर वेळी हेच. सज्जनगडलाही हेच, ठोसेघरलाही हेच. मला ते ऐकून बरं वाटायचं. आपलं काही चुकलेलं नाही असं वाटून मी डबे उघडायची.

पुढे गाडी घेतली. सामान डिकीत राहायला लागलं. तरी मी गाडीजवळच थांबायची. काचा फोडतात म्हणे, असं कोणीतरी सांगितलं होतं. आता मला वाटतं, काचांचं निमित्त होतं. आम्हा सगळ्यांची आपापली जागा ठरून गेली होती आणि ती बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही.

मंजू लग्न होऊन बंगळूरला गेली. तुमचा बाबा आधी पुण्याला, मग तिकडे ऑकलंडला. आम्ही दोघं राहिलो तेव्हा सहली थांबल्या. सामानच नव्हतं एवढं. आजोबा जाऊनही आता बराच काळ झाला. गाडी विकली. सतरंजी आहे, तिच्यावर मी उन्हात गहू वाळवते.

मागच्या दिवाळीतल्या आपल्या व्हिडिओ कॉलची तुम्हाला आठवण नसेल. ईरा, तू शाळेसाठी डोंगर आणि नदीचं चित्र काढलं होतंस. नदी पाण्यासारखी नाही, जमिनीवर पडलेल्या रिबिनीसारखी होती. तू म्हणालीस, "बाबा म्हणतो, त्याच्या लहानपणी डोंगरावरून अशी दिसायची. आजी, खरंच अशी दिसते का?" मी चष्मा लावून ते चित्र पुन्हा बघितलं. तेवढ्यात मागून तुझा बाबा हसत म्हणाला, "अगं, तिला काय विचारतेस? आजी कधी वर आलीच नाही. ती खाली सामान सांभाळायची."

त्यात त्याचं काही वाईट बोलणं नव्हतं. खरं तेच तो बोलला. तू लगेच निहारचं चित्र दाखवलंस, त्यात डायनासोर होता. कॉल संपला. मी फोन चार्जिंगला लावला, जेवणाचं ताट घेतलं, आणि घास हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. नातीने एक साधा प्रश्न विचारला होता. त्याचं माझं असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्याचं सांगितलं. ऑपरेशन करायचं, नाताळात तुझा बाबा येईल तेव्हा. नंतर चालता येईल, पण डोंगर, पायऱ्या विसरा म्हणाले. म्हणजे बघायचं असेल तर हीच दिवाळी. मी कोणाला सांगितलं नाही. मंजूला सांगितलं असतं तर तिने बंगळूरहून फोनवरच मला दाराला कडी घालून कोंडलं असतं.

म्हणून गेल्या आठवड्यात मी एकटी गेले. तासगावच्या पुढे कराडच्या रस्त्याला एक डोंगर आहे. नकाशात त्याला वेगळं नाव आहे, आपल्या घरात तो हरणांचा डोंगर. पायथ्याला जुनी दगडी देवळं, त्यांच्यामागून वर जायची वाट, आणि उतरायला दुसरी वाट, ती तळ्याकडून वळसा घालून येते. तुमच्या बाबाची रिबिनीसारखी नदी इथूनच दिसते. हातात एक लहान पिशवी होती. दोन दशम्या, पाणी, रुमाल. एवढ्याशा सामानाने बसमध्ये बसताना काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटत होतं. कंडक्टरने विचारलं, "आजी, कोण आहे बरोबर?" मी म्हटलं, "कोणी नाही." तो पुढच्या सीटकडे गेला, मग तिथूनच ड्रायव्हरला ओरडला, "म्हाताऱ्या आजी हायत रं, फाट्याला गाडी नीट उभी कर."

देवळांजवळ, मी सामान घेऊन बसायची त्याच झाडाखाली, एक बाई सतरंजी टाकून बसली होती. तिशी-पस्तिशीची, नवी कोरी साडी, केसात कोमेजलेला गजरा, आणि भोवती पिशव्या, डबे, पाण्याचा जार, लहान मुलांचे स्वेटर, यांचा किल्ला. मला बघून ती सरकली.

"या काकू, हितं बसा. तिकडं मुंग्या हैत."

मी बसले. तिने सरळ विचारलं, "एकट्याच आलाय?"

"हो. मुलं लांब असतात. परदेशात."

"आमी बी लांबच की. कोइमतूरला. मालकांचं गलाईचं दुकान हाय तिथं, सोनं गाळायचं. विट्याजवळचं सासर. दिवाळीला तेवढं येतो." तिने जारवरचं झाकण घट्ट केलं. "परवा परत जायाचं. पोरास्नी हरनं दावतो म्हनून आनलंय आज."

"सगळे वर गेलेत?"

"व्हय. मालक, दीर, जाऊ, पोरं. वरनं तळ्याच्या अंगानं येतील. मी राखनीला. वांदरं लय वंगाळ हितली."

मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्हाला जायचं असेल तर जा. मी बसते इथे."

ती हसली. "न्हाई वो काकू. पाटंपास्नं चुलीम्होरं हाय मी. एवढ्यांच्या भाकरी, कालवण, धपाटी. आत्ता कुटं बूड टेकलंय. टावेल कुटं, चपला कुटं, इचारायला कोन न्हाई. लय झ्याक वाटतंय बगा."

मीही हसले. कारण तेही होतं. इतका वेळ मी तुम्हाला रिकामेपणाचं सांगितलं, पण त्या झाडाखाली माझी मीच असायची, आणि वर्षातून तेवढीच असायची, हेही सांगायला हवं. त्या बाईला मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

"तुमी जानार व्हय वर? असल्या गुडघ्यानं?" मी उठताना तिने विचारलं. पोरांनी खेळायला आणलेली एक वेताची काठी तिने माझ्या हातात दिली. "सावकास जावा. आन् दम लागला की बसा, लाजू नका."

वाट मला वाटली होती तेवढी अवघड नव्हती, आणि मी समजत होते तेवढी मी तरुणही नव्हते. दोनदा दगडावर बसले. ज्या वळणापर्यंत माझी नजर पोचायची, ते वळण आलं. त्याच्या पलीकडे काय असेल याचं मला लग्नानंतरच्या पहिल्या सहलीपासून कुतूहल होतं. पलीकडे आणखी एक तसंच वळण होतं.

आणि मग एकदम झाडं संपली.

ईरा, नदी रिबिनीसारखी दिसते. तुझा बाबा खोटं बोलला नाही. पण त्याने तुला सगळं सांगितलेलं नाही. नदीच्या दोन्ही अंगांना ऊस आहे, पार क्षितिजापर्यंत, आणि या दिवसांत उसाला तुरे येतात. खालून ते नुसते पांढरट दिसतात. वरून वारा आला की सगळं खोरं एका बाजूला चंदेरी होतं, मग पुन्हा हिरवं होतं, जसं कोणी मखमलीवरून हात फिरवावा. नदी सरळ जातच नाही. जिथे वळायची गरज नाही तिथेही वळते. कारखान्यांची धुराडी दिसतात, धूर सगळ्यांचा एकाच दिशेला. रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर मुंग्यांसारखे, आणि गावं म्हणजे झाडांचे गडद पुंजके. या खोऱ्यात माझं सगळं आयुष्य गेलं. त्याचा आकार असा आहे हे मला माहीत नव्हतं.

मी डावीकडे वळून म्हणायला गेले, "बघितलंत का?" डावीकडे कोणी नव्हतं. उजवीकडे तीन-चार कॉलेजची मुलं होती. त्यांतला एक अदबीने म्हणाला, "आजी, जरा इकडे सरकता का? फोटोत येताय." मी सरकले.

फार काही नाही, असं म्हणायचे हे. ह्याला. मला तुमच्या आजोबांचा राग आला. गेलेल्या माणसाचा रागही येऊ शकतो, आणि तो जास्त त्रास देतो, कारण त्याची समजूत घालायला कोणी येत नाही. खाली एकटी बसलेल्या बायकोला वाईट वाटू नये म्हणून ते तसं म्हणत असतील. तेवढे ते प्रेमळ होते. वर इतकं सुंदर आहे असं सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी आळीपाळीने खाली बसावं लागलं असतं, हेही असेल; तेवढे ते माणूस होते. ते खोटं माझ्यासाठी होतं की त्यांच्यासाठी? विचारायला आता कोणी नाही. मी पुष्कळ वेळ उभी राहिले. दशमी खावी असं वाटलं नाही. फोटोही काढला नाही. फोनला नेटवर्क होतं, तुम्हाला तिथूनच फोन लावावा असं मनात आलं. पण तुमच्याकडे तेव्हा रात्र होती आणि तुम्ही झोपला असणार.

आल्या वाटेनेच मी उतरले. ती बाई तशीच बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून.

"आलासा? बसा, बसा. पानी घ्या." मग तिने अगदी सहज विचारलं, "काय हाय काकू वर?"

माझ्या तोंडात ते शब्द आलेच होते. फार काही नाही, उगाच पाय दुखले असते. ती मजेत होती, थकलेली होती, तिला वर जायचंही नव्हतं. त्या शब्दांनी कोणाचं काय बिघडलं असतं?

"खूप आहे," मी म्हणाले. "सगळं खोरं दिसतं. नदी लांबपर्यंत दिसते, पार वाळव्याच्या बाजूला."

तिने गुडघ्यांची मिठी सोडली. "वाळव्याकडची बी दिसती?"

"हो. त्या बाजूचीच जास्त दिसते."

"माझं म्हायेर हाय तिकडं. नदीच्या कडंलाच." तिने जवळची पिशवी थोडी बाजूला सारली. "औंदा जायाला झालंच न्हाई. सासऱ्यास्नी दवाखान्यात न्ह्यायचं हुतं. भाऊबीजेला भाऊच यिऊन गेला, उभ्या उभ्या. आई काय आली न्हाई, तिच्यानं परवास हुत न्हाई आता."

"गाव कुठलं ते मला ओळखता आलं नसतं," मी म्हटलं. "तुम्हाला येईल."

तिने वाटेकडे बघितलं, मग पिशव्यांकडे.

"मी आहे इथे," मी म्हणाले. "माकडांची मला सवय आहे."

"व्हय, पर ही मंडळी येतील मागच्या अंगानं, आन् मी न्हाई म्हनल्यावर..."

"सांगेन मी त्यांना."

ती उठली. साडी झटकली, पदर कमरेला खोचला, आणि वेताची काठी मी पुढे केली तर नको म्हणून हात हलवला. पहिल्या चढापर्यंत ती चालत गेली. मग तिने मागे वळून एकदा माझ्याकडे, एकदा पिशव्यांकडे बघितलं, आणि धावायलाच लागली, नवी साडी दोन्ही हातांनी वर धरून. वळणाआड गेली.

मी पिशव्या जवळ ओढून घेतल्या. तोंड उघडं होतं त्या पिशवीचे बंद बांधले. ऊन पायांवर येत होतं म्हणून जार सावलीत सरकवला. दुसऱ्याचं सामान असलं तरी बसायची रीत तीच असते.

थोड्या वेळाने तळ्याच्या बाजूने एक आठ-नऊ वर्षांची मुलगी पळत आली, बाकीच्यांच्या बरीच पुढे. गाल लाल, फ्रॉकला कुसळं चिकटलेली. कोण बसलंय हे न बघता तिने हात पुढे केला. "मम्मी, पानी." मी पेला भरून दिला. तिने एका दमात प्यायलं, मग पेल्याच्या काठावरून माझ्याकडे बघितलं, आणि दचकून एक पाऊल मागे सरकली.

"मम्मी कुटंय?"

"वर गेली आहे."

तिने डोंगराकडे बघितलं. मग पिशव्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मम्मी वर जाऊ शकते, हे तिला पटत नसावं.

"वर? कशाला?"

"बघायला," मी म्हणाले.

पेला तसाच हातात धरून ती माझ्याशेजारी सतरंजीवर बसली, आणि आईच्या येण्याच्या वाटेकडे टक लावून बघत राहिली.